तरुणांचा वाटा : श्रमात की निर्णयात?

(एका युवक-अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक व्यासपीठांवरून 'युवाशक्ती' या शब्दाचा जितका उच्चार होतो, तितका दुसऱ्या एखाद्या शब्दाचा क्वचितच होत असेल. रस्त्यावर मुरूम टाकायचा असला की श्रमदानाला तरुण हवेत, वृक्षारोपणाला हवेत, पूर आला की धान्याची पोती वाहायला हवेत, मिरवणुकीत घोषणा द्यायला हवेत आणि निवडणुकीच्या दिवशी मतदारांना चिठ्ठ्या वाटायला तर हवेतच हवेत. परंतु तो रस्ता कोणत्या वस्तीवरून जावा, झाडे कोणाच्या चराऊ रानात लावावीत आणि पुराचे पाणी दर वर्षी त्याच वस्तीत का शिरते, याचा विचार ज्या खोलीत होतो त्या खोलीत तरुण नसतो. त्याला बोलावणे येते ते ठराव संमत झाल्यानंतर. त्याच्या मनगटावर समाजाचा विश्वास आहे. त्याच्या विचारावर अद्याप बसलेला नाही.

ही विसंगती केवळ शिष्टाचाराची असती तर तिच्यावर व्याख्यान देण्याचे कारण नव्हते. ती आर्थिक आहे आणि राजकीयही आहे. म्हणून प्रथम नियोजन या शब्दाचा अर्थ नीट लावून घेणे इष्ट.

नियोजन म्हणजे निवड

नियोजन म्हणजे आकडेमोड आणि ती तज्ज्ञांनी करावयाची गोष्ट, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः नियोजन म्हणजे निवड. साधने मोजकी असतात आणि गरजा पुष्कळ; तेव्हा आधी काय, मागाहून काय आणि मुळीच काय नाही, हे ठरविणे म्हणजे नियोजन. गावाच्या हाती पाच लाख रुपये असतील तर त्यांतून मागासवर्गीय वस्तीची नळयोजना दुरुस्त होईल किंवा गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान उभी राहील. दोन्ही एका वर्षात होणार नाहीत. कमान किती उंच बांधावी हे अभियंता सांगू शकतो. कमान बांधावी की नळ दुरुस्त करावा, हे त्याचे शास्त्र त्याला सांगत नाही. तो प्रश्न मूल्यांचा आहे, आणि मूल्यांच्या प्रश्नात प्रत्येक नागरिक समान अधिकारी असतो.

या निवडीला आणखी एक अंग आहे, ते काळाचे. आज केलेल्या खर्चाची फळे उद्या मिळतात आणि आज काढलेले कर्ज उद्या फेडावे लागते. धरणाचे आयुष्य पन्नास वर्षांहून अधिक धरतात. विहिरी-विंधनविहिरींतून आज उपसलेले पाणी पुढच्या पिढीच्या खात्यातले असू शकते. माणसाला नजीकचा लाभ मोठा दिसतो आणि दूरचा लहान दिसतो, हा मनुष्यस्वभावाचा दोष अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच नोंदविला आहे. जो निर्णय घेतो त्याचे वय साठ आणि ज्याला त्या निर्णयाबरोबर जगायचे आहे त्याचे वय वीस, अशी स्थिती असेल तर हा दोष दुणावतो. तरुणांना नियोजनात स्थान हवे ते त्यांच्या उत्साहाचे कौतुक म्हणून नव्हे. योजनेचे भले-बुरे परिणाम सर्वांत अधिक काळ तेच भोगणार आहेत, हे त्यामागचे खरे कारण आहे.

आता प्रत्यक्ष स्थिती पाहा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे निम्मे लोक पंचविशीच्या आतले होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. पण निवडून देण्याचे वय खाली आले म्हणून निर्णय घेणाऱ्यांचे वय खाली आले नाही. पहिल्या लोकसभेत चाळिशीपर्यंतच्या सभासदांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. २०२४ साली निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेत ते ११ टक्क्यांच्या आसपास उतरले. देश तरुण आणि त्याची सभागृहे उत्तरोत्तर प्रौढ, असा हा उलटा प्रवास आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तरुण हा एक वर्ग नव्हे. बागायतदाराचा मोटारसायकलवरून तालुक्याला जाणारा मुलगा आणि ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुलगी, दोघेही अठरा वर्षांचे असतील. त्यांचे हितसंबंध मात्र एक नाहीत. 'तरुणांना प्रतिनिधित्व द्या' एवढेच म्हटले तर गावातील वजनदार घराण्याचा वारस पुढे येतो आणि जुनीच सत्ता नव्या चेहऱ्याने नांदू लागते. घराण्यांच्या राजकारणाने तरुण आमदार-खासदार दिले नाहीत असे नाही; त्यांतून नियोजन मात्र तरुण झाले नाही. म्हणून 'तरुण किती?' या प्रश्नाबरोबरच 'कोणते तरुण?' आणि 'कशावर अधिकार?' हे दोन प्रश्न विचारावेच लागतात.

वरून खाली आलेली योजना

स्वातंत्र्यानंतर १९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला. योजना दिल्लीत आखली जाई आणि खाली उतरता उतरता गावापर्यंत पोचे. लोकसहभागाचे शब्द पहिल्यापासून होते; पण सहभाग म्हणजे ठरलेल्या कामाला लोकांचा हातभार, असाच अर्थ बहुधा घेतला गेला. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने विकेंद्रीकरणाची शिफारस केली आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना धनंजयराव गाडगीळ यांनी जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला जावा असा आग्रह धरला आणि १९६९ मध्ये आयोगाने जिल्हा योजनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांना घटनेत स्थान दिले, आणि जिल्हा नियोजन समितीची तरतूद झाली. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली कायदा केला.

कागदावर हा प्रवास लोकांच्या दिशेने झालेला आहे. जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सभासद स्थानिक संस्थांतून निवडून यावयाचे असतात. परंतु महाराष्ट्रात समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते, आणि समितीपुढे येणारा आराखडा त्या त्या खात्यांच्या मागण्यांची बेरीज होऊन येतो. ज्या टोकाला निर्णयाचा उगम व्हावयाचा, त्या टोकाला केवळ मान्यतेचा सोपस्कार उरतो.

गावाच्या पातळीवर २०१५ नंतर एक नवी संधी आली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना सुमारे २ लाख कोटी रुपये थेट देण्याची शिफारस केली, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला विकास आराखडा करावा असे ठरले. महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो कार्यक्रम चालला. पंधराव्या वित्त आयोगाने पुढे निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून टाकला. उरला तो अबंधित. हा बंधित-अबंधित हिशेब गावातील किती तरुणांना ठाऊक असतो? ज्याला पैसा किती आहे हे ठाऊक नाही, तो मागणी करू शकेल. नियोजन करू शकणार नाही. मागणी करणारा अर्जदार असतो, नियोजन करणारा धनी असतो. आपल्या ग्रामसभांत अर्जदार पुष्कळ येतात, धनी फार थोडे.

या सगळ्या व्यवहारात गावच्या आराखड्याला हमखास हात लागतो तो एका तरुणाचा, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाचा. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा हा मुलगा किंवा मुलगी आराखड्यातील कामे संगणकात भरते. कोणते काम का घेतले, हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते. निर्णय वडीलधाऱ्यांचा आणि टंकलेखन तरुणाचे, ही श्रमविभागणी आजच्या स्थितीचे नेमके चित्र आहे.

ग्रामसभेच्या वेळेचे व दिवसाचे राजकारण

अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. तेव्हा कायद्याने तरुणाला बाहेर ठेवलेले नाही, मग तो येत का नाही, असे विचारले जाते. त्याला आस्था नाही, तो मोबाइलमध्ये गुंग आहे, अशी उत्तरे तयार असतात. त्यांत थोडे तथ्य असेलही. पण आधी ग्रामसभा भरते कशी, हे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे लोकांनी न येण्यातच ज्यांची सोय आहे, त्यांना थोडी वाट पाहिली की पुरते. दुसरी गोष्ट दिवसाची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा परिपाठ आहे. २६ जानेवारीला बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोठे असतात? पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या कोपीवर. गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. पुढील वर्षाच्या कामांवर चर्चा व्हावयाच्या दिवसांत गावातील सर्वांत गरीब तरुण-तरुणी गावात नसतात. त्यांच्या वस्तीला पाणी का नाही, याचे उत्तर पुष्कळदा या दिनदर्शिकेत सापडते. पुण्याला कंपनीत कंत्राटी कामाला असलेल्या मुलाचीही गोष्ट निराळी नाही. ध्वजवंदनाला सुटी असली, तरी गावी येण्या-जाण्याचे भाडे त्याला त्या सुटीसाठी परवडतेच असे नाही.

तेव्हा आस्थेचा प्रश्न नंतरचा आहे. आधी दार उघडे आहे की नाही, आणि उघडे असेल तर कोणत्या वेळी उघडते, हे पाहावे लागते.

खानापूरचा धडा

तरुण जेथे निर्णयाच्या जागी पोचले, तेथे ते कसे पोचले? महाराष्ट्रातील एक उदाहरण यासाठी फार बोधप्रद आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला तसे कामगार आपापल्या गावी परतले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात परतलेल्यांना गावी दुष्काळ भेटला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणे, रस्त्याची माती ओढणे हेच नशिबी होते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क दिलेला होता आणि तो हक्क मोठाच होता. परंतु मुंबईच्या लढ्याचे शिक्षण घेऊन आलेल्या या मंडळींनी आणि मुक्ती संघर्ष चळवळीच्या तरुण कार्यकर्त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटणार आहे काय? काम द्यायचेच तर ते दुष्काळ कायमचा हटविणारे का असू नये?

हा प्रश्न विचारताच मागणीचे रूप पालटले. 'काम द्या' या मागणीला अभ्यास लागत नाही. 'असे काम द्या' या मागणीला तो लागतो. पाऊस किती पडतो, पूर्वी पिके कोणती होती, येरळा नदीचे पाणी कोठे गेले, वाळूच्या बेसुमार उपशाचा विहिरींवर काय परिणाम झाला, याची चौकशी गावोगाव सुरू झाली. जाणत्या अभियंत्यांचे साह्य घेतले गेले. पण प्रश्न गावकऱ्यांचे होते. त्यातूनच तांदूळवाडी आणि बलवडी या गावांजवळ येरळेवर बळीराजा धरण उभे राहिले. खर्चाचा मोठा भाग नदीच्या मर्यादित वाळूच्या विक्रीतून उभारला गेला. जी वाळू ठेकेदार नेत होते, ती गावाचे भांडवल झाली. पाणीवाटपाचे तत्त्वही गावांनीच ठरविले. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही. भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाला समान वाटा. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने सत्तरच्या दशकात पाणी आणि जमिनीची मालकी यांची जी फारकत केली होती, तिचाच हा पुढचा टप्पा होय.

या उदाहरणात वयापेक्षा अधिक महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे. खडी फोडणारे हात आणि धरण आखणारे डोके, हे दोन्ही एकाच माणसाचे झाले. श्रमाकडून निर्णयाकडे जाण्याचा मार्ग अभ्यासातून गेला, आणि त्या अभ्यासामागे संघटना होती म्हणून तो शासनाला ऐकावा लागला. नुसता अभ्यास अहवाल होऊन कपाटात पडतो, आणि नुसती संघटना मोर्चा होऊन दिवेलागणीला घरी परतते.

अभ्यासगट, लेखाजोखा आणि जनयोजना

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने हीच गोष्ट संस्थेच्या रूपात रुजविली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे सर्वविदित आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ, हेही ठाऊक असते. जयप्रकाशजींच्या आंदोलनाने १९७५ साली छात्र-युवा संघर्ष वाहिनी उभी केली आणि तिच्या सभासदत्वाला तीस वर्षांची मर्यादा घातली; मोहनभाऊ त्या वाहिनीतून आलेले. या गावाच्या कीर्तीत ज्याकडे कमी लक्ष जाते तो आहे तेथील अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. मात्र निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी, माहिती जमविण्यासाठी, बाहेरच्या जाणकाराला विचारण्यासाठी अभ्यासगट बसतो. त्यात कोणीही बसू शकतो. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही आणि ग्रामसभेला अभ्यासावाचून निर्णयाची घाई नाही. शिकलेल्या तरुणाला गावात मान मिळावयाचा असेल तर त्याची हीच जागा आहे.

दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशाचे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला होता. २००६ पासून आंध्र प्रदेशाने तो केवळ कायद्यात न ठेवता राबविला. मजुरी करणाऱ्या कुटुंबांतील शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून हजेरीपट तपासून घेतले गेले. हे तरुण घरोघर जाऊन पटावरील नावे व मजुरी पडताळीत आणि जाहीर सभेत सर्वांसमक्ष वाचून दाखवीत. ज्याच्या आईचे नाव हजेरीपटावर आहे, त्याला खोटी नोंद ओळखायला वेळ लागत नाही. 'कोणते तरुण?' या प्रश्नाचे उत्तर आंध्रने नेमके दिले होते.

तिसरे उदाहरण केरळचे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथे जनयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचे आधी ठरले आणि मग लोकांना योजना करायला सांगितले गेले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रामसभा, मग गावाचा विकास-अहवाल, मग विकास परिषद, मग विषयवार कार्यगट आणि शेवटी योजना, अशा पायऱ्या होत्या. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी साक्षरतेच्या आणि गावोगावच्या साधनसंपत्तीच्या नकाशांच्या कामातून त्याआधी जी पूर्वतयारी केली होती, ती उपयोगी पडली. तरीही केरळने सर्व काही साधले असे म्हणणे सत्याला सोडून होईल. पहिला उत्साह ओसरल्यावर ग्रामसभांना येणाऱ्यांत एखाद्या योजनेचा लाभ हवा असलेल्यांचा भरणा राहिला; शिकलेला मध्यमवर्गीय तरुण दूरच राहिला. लाभार्थ्यांची यादी करणे एवढेच सभेचे काम उरले की ज्याला यादीत नाव नको तो येत नाही. नियोजनाचे वाटपात रूपांतर झाले की सभेतून विचार निघून जातो.

शिकण्याची जागा बंद

निर्णय घ्यायला शिकावे लागते आणि ते निर्णय घेऊनच शिकता येते. महाविद्यालय ही त्या शिक्षणाची स्वाभाविक जागा होती. महाराष्ट्रात विद्यार्थिमंडळांच्या खुल्या निवडणुकांत हाणामाऱ्या झाल्या, पैसा खेळला, हे नाकारता येणार नाही. पण त्यावर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने जो उपाय केला तो रोगापेक्षा जालीम ठरला. खुल्या निवडणुका गेल्या आणि परीक्षेतील गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. गणितात पहिला येणारा विद्यार्थी वसतिगृहातील मुलींच्या अडचणी मांडण्यास आपोआप पात्र ठरला. २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्या. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. आणि २०१९ मध्ये होऊ घातलेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. एक संपूर्ण पिढी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा अर्थसंकल्प कसा ठरतो हे न पाहता पदवीधर झाली. त्या पिढीने ग्रामसभेत येऊन अंदाजपत्रकावर बोलावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

या उणिवेवर उतारा म्हणून युवा संसदेच्या स्पर्धा भरविल्या जातात. वक्तृत्वाचे शिक्षण म्हणून त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या संसदेच्या निर्णयाने गावातील एकही नळ हलत नाही, तिच्यातून मिळते ते बक्षीस. जबाबदारी मिळत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

तरुणांना अनुभव नाही, हा पहिला आक्षेप. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली, तेव्हा त्यातील अग्रणी जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे दोघेही १९२२ साली जन्मलेले, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावरचे होते. घटनेने सरपंच होण्याचे वय २१ ठेवले आहे आणि २०२० च्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमसारख्या राजधानीच्या शहराच्या महापौरपदी एकवीस वर्षांची आर्या राजेंद्रन निवडली गेली. अनुभव ही वयाबरोबर आपोआप येणारी वस्तू असती, तर वयोवृद्धांनी आखलेल्या योजना फसल्याच नसत्या.

दुसरा आक्षेप असा की, तरुण आले की गावात तट पडतील. तट आजही आहेत. ते बोलत नाहीत इतकेच. जेथे दुर्बलाला बोलता येत नाही तेथील शांततेला एकोपा म्हणण्याची चूक करू नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तरुणाला गावात राहायचेच नाही, मग त्याने गावाचे नियोजन का करावे? याचे उत्तर मात्र सोपे नाही. शेती परवडत नाही, नोकरी शहरात आहे, हे खरे आहे आणि ग्रामसभेत बसल्याने ते पालटणार नाही. परंतु गाव सोडणे ही जोवर त्याची निवड नसून नाइलाज आहे, तोवर त्या नाइलाजाची कारणे ज्या आराखड्यांत दडली आहेत, त्यांवर बोलण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. आणि शहरात तरी तो कोठे राहतो? ज्या वस्तीच्या पुनर्विकासाचा निर्णय त्याला न विचारता होतो, त्या वस्तीत. प्रश्न गाव की शहर हा नाही. जेथे तो राहतो तेथे तो धनी आहे की अर्जदार, हा आहे.

मागणी कशाची करावी

मग मागावे काय? चार गोष्टी मागाव्यात, आणि त्या एकत्रच मागाव्यात.

पहिली गोष्ट माहिती. ग्रामपंचायतीच्या हाती येणारा पैसा, त्यातील बंधित किती, अबंधित किती, मागील वर्षीची अपुरी कामे कोणती, हे ग्रामसभेच्या आधी पंधरा दिवस चावडीवर, शाळेवर आणि प्रत्येक वस्तीत मराठीत लावले जावे. दुसरी गोष्ट रक्कम. अबंधित निधीचा ठराविक हिस्सा युवक सभेच्या निर्णयाने खर्च व्हावा. तो लहान असला तरी चालेल, पण निश्चित असावा. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहेच. त्याच धर्तीवर युवक सभाही घेता येईल आणि तिच्यात मुली व भूमिहीन कुटुंबांतील तरुण निम्मे असावेत. तिसरी गोष्ट वेळ. आराखड्याची चर्चा ऊसतोड कुटुंबे गावात असताना व्हावी. १५ ऑगस्टची सभा हाताशी आहे. तिच्यात अग्रक्रम ठरवून घेता येतात. चौथी गोष्ट उत्तर. युवक सभेची सूचना नाकारली गेली तर ती का नाकारली, याचे लेखी कारण पुढच्या सभेत वाचले जावे. ज्या सूचनेला उत्तर द्यावे लागत नाही, ती सूचना घेणे म्हणजे सहभागाचा देखावा करणे होय.

या चारही गोष्टी मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. अभ्यासगटाला कोणाची परवानगी लागत नाही. पाच-सात जणांनी एकत्र बसावे, आपल्या गावचा आराखडा आणि मागील तीन वर्षांचा जमाखर्च मिळवावा. आराखडे आता ई-ग्रामस्वराजवर पाहता येतात आणि उरलेल्या कागदांसाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. कागदावरचे प्रत्येक काम जागेवर जाऊन पाहावे. पूर्ण दाखविलेले गटार खरोखर कोठे संपते, हे चालत जाऊन पाहण्याला पदवी लागत नाही. मग जे आढळले ते ग्रामसभेत शांतपणे, आकड्यांसह वाचावे. पहिल्या सभेत हसतील, दुसऱ्या सभेत चिडतील; तिसऱ्या सभेत उत्तर द्यावे लागेल.

श्रमदानाला जरूर जावे. मनगटाची लाज बाळगण्याचे कारण नाही. खानापूरच्या तरुणांनीही आधी खडीच फोडली होती. मात्र हातात फावडे घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे काम कोणी ठरविले, केव्हा ठरविले आणि त्या वेळी आम्हांला का बोलावले नाही? हा प्रश्न विचारणारे चार तरुण ज्या गावात निघतील, त्या गावाचा पुढचा आराखडा त्यांना वगळून करणे कोणालाही सोपे जाणार नाही.